मुठीची नोंदवही

परवा सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तळमजल्यावरच्या काकांनी एक संदेश टाकला. झोपेचं संप्रेरक, म्हणजे मेलाटोनिन, शरीरातला सगळा दाह विझवतं. सांधे असोत, आतडी असोत, फुप्फुसं असोत, जे सुजलं असेल ते उतरवतं. आणि डॉक्टर लोक हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. त्याखाली काकांची स्वतःची ओळ होती. 'हिच्या बोटांसाठी मागवली आहे. शुक्रवारी बाटली येईल.'

'ही' म्हणजे काकू. सहा महिन्यांपासून सकाळी त्यांना दुधाची पिशवी कापता येत नाही. सात जणांनी लगेच अंगठा दाखवला. एकानेही विचारलं नाही की डॉक्टर काय म्हणाले.

मला असा संताप आला की चहा गार झाला तरी कप हातातच राहिला. मी संतापले की दोन्ही हात हवेत फिरतात, आणि मग ऐकणारा माझं म्हणणं सोडून हातांकडेच बघत बसतो, अशी माझ्या नवऱ्याची जुनी तक्रार आहे. त्याने तक्रार करू नये. हे हात हवेत फिरतात यामागे एक नोंदवही आहे, एक लाकडी शिक्का आहे आणि माझा स्वतःचा गाढवपणा आहे.

नवं शतक नुकतंच लागलं होतं आणि पुण्यात ज्याला त्याला अमेरिकेशी बोलायचं होतं. मीही बोलत होते. तिकडच्या दवाखान्यांमधले संगणक अडले की ते इथून फोनवर सुरू करून देणं हे माझं काम. तिकडे दिवस म्हणजे इकडे रात्र. संध्याकाळी कंपनीची गाडी विश्रांतवाडीला, आमच्या घरी, न्यायला यायची आणि सकाळी सातला परत आणून सोडायची. फाटकाशी दूधवाला भेटायचा. तो दिवसाला निघालेला, मी झोपायला. रोज एकमेकांकडे दयेने बघायचो.

घरात आम्ही तिघं. नवरा पॉलिटेक्निकात शिकवायचा. आणि सासरे, ज्यांना मी बाबा म्हणते. बाबा एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि अधीक्षक होऊन निवृत्त झाले. त्यांच्या वस्तीतून टेबल-खुर्चीवर बसणारे ते पहिले. आवक-जावक नोंदवही हा त्यांच्या आयुष्याचा कणा. आलेला प्रत्येक कागद आवक, गेलेला प्रत्येक कागद जावक, आणि ज्याची नोंद नाही तो कागद अस्तित्वातच नाही. निवृत्तीनंतर कागद यायचे थांबले म्हणून बाबा थांबले नाहीत. घरात गॅसचं सिलिंडर आलं तरी त्याला आवक क्रमांक मिळायचा.

रात्रपाळीचं दुसरं वर्ष चालू असताना माझी बोटं बिघडली. दुपारी तीनला उठावं तर हात परक्याचे. मूठ वळायची नाही. पेरं सुजलेली, गरम. अर्ध्यापाऊण तासाने हळूहळू हात माझे व्हायचे. घरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि चष्मा काढून ठेवला. चष्मा काढला की ते खरं बोलतात. "आमवाताची शंका आहे. म्हणजे शरीराची बचावफळी आपल्याच सांध्यांवर उठते. संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा, याच महिन्यात. सांधा एकदा आतून खराब झाला की कुणालाही परत करता येत नाही."

इतकं स्वच्छ मराठीत सांगितलेलं होतं. आणि मी काय केलं? मी झोपेच्या मागे लागले.

त्याला कारण कंपनी. कंपनीने नेमकं त्याच आठवड्यात 'निरोगी झोप' या विषयावर सक्तीचं व्याख्यान ठेवलं. सकाळी अकरा वाजता. रात्रभर काम केलेल्या चाळीसएक माणसांना थांबवून घेऊन, पडदे उघडून, एक टायवाला गृहस्थ सांगत होता की झोप किती महत्त्वाची आहे. अंधार पडला की मेंदूतली तांदळाच्या दाण्याएवढी एक ग्रंथी मेलाटोनिन सोडते. डोळ्यांवर उजेड पडला की ती थांबते. हे संप्रेरक कमी पडलं की शरीरात दाह वाढतो, असं तो म्हणाला. शेजारची मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून घोरत होती. मी हात वर करून विचारलं, "मग आम्हाला दिवसाची पाळी देणार का?"

"तो आजचा विषय नाही, मॅडम," तो म्हणाला. "आज आपण सवयींबद्दल बोलतोय."

म्हणजे रात्री जागवणार हे, उजेडात बसवणार हे, आणि सवय वाईट माझी. त्या दिवशी दुपारी दीडला घरी पोचले आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना व्याख्यान दिलं. दाह, अंधार, तांदळाचा दाणा. नवरा जेवत राहिला. बाबा मात्र उठले आणि आपल्या खोलीतून एक नवीकोरी नोंदवही घेऊन आले.

"अंधार किती लागेल?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण," मी म्हणाले.

बाबांनी त्यावर कचेरीतलाच उपाय शोधला. निवृत्तीच्या वेळी कालबाह्य म्हणून वाटून टाकलेले कार्बन पेपरचे तीन गठ्ठे त्यांच्या कपाटात होते. ते काळे कागद त्यांनी माझ्या खोलीच्या खिडकीला एकाला एक चिकटवले. काम सुबक होतं, सरळ रेषेत, कोपरे जुळवून. खोलीत अंधारकोठडीसारखा अंधार झाला. पण महिना एप्रिलचा होता आणि खिडकी पूर्वेची. साडेदहापर्यंत काचा तापल्या, कार्बन पाघळला, पंख्याच्या वाऱ्याने दोन कागद सुटून पलंगावर आले आणि मी त्यांच्यावर कूस बदलली. दुपारी बाहेर आले तेव्हा नवरा नुकताच घरी आला होता. त्याच्या हातातली पिशवी पडली. माझा डावा गाल, मान आणि दंड गडद निळा झाला होता.

"कुठे पडलीस?" त्याने विचारलं.

"तिची प्रत निघाली आहे," बाबा शांतपणे म्हणाले आणि नोंदवहीत शेरा लिहिला. 'अंधार पुरेसा. माध्यम अयोग्य.'

कार्बन गेला, जाड चादर आली. नोंदवही राहिली. बाबांनी तिच्यात रकाने आखले होते. घरी आगमन, निद्रेस प्रारंभ, व्यत्यय, जाग आणि शेवटी 'मूठ मिटण्यास लागलेला वेळ'. या शेवटच्या रकान्याला पुरावा लागतो असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी आपला जुना लाकडी शिक्का काढला. गोल मुठीचा, खाली 'आवक' कोरलेलं. तो निर्लेखित, म्हणजे सरकारी हिशेबातून बाद, झाल्याचं पत्र त्यांच्यापाशी होतं, ते त्यांनी मी न विचारताच दाखवलं. रोज उठल्यावर मी तो शिक्का हातात धरायचा, बोटं त्याभोवती पूर्ण मिटली की शाईत बुडवून वहीत उमटवायचा आणि बाबा घड्याळ बघून वेळ लिहायचे.

"बाबा, मी काय टपाल आहे का?"

"टपालाला इतका वेळ लागत नाही, सूनबाई."

मला ते अपमानास्पद वाटायचं. दुखतं तिथे कुणी गरम पाण्याची पिशवी देतं. मला शाईचं पॅड. पण रोज एक शिक्का पडत गेला. अर्धा तास, पस्तीस मिनिटं, पुन्हा अर्धा तास.

मग धाकट्या दिरांचा अमेरिकेहून फोन आला. हे गृहस्थ डेटाबेसमध्ये आहेत आणि त्यामुळे त्यांना सगळं माहीत असतं.

"वहिनी, मेलाटोनिनच्या गोळ्या पाठवतो. इथे दुकानात शाम्पूशेजारी मिळतात. अगदी नॅचरल. झोप लागेल आणि दाहही उतरेल. मी नेटवर बरंच वाचलंय."

"डॉक्टरांना विचारू का आधी?"

"ते कशाला? ते लगेच जड औषधं सुरू करतील. आधी हे बघा, नाहीच जमलं तर डॉक्टर आहेतच."

आयुष्यात मला इतका आवडलेला सल्ला कुणी दिला नव्हता. डॉक्टर टळले. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाकडून बाटली आली, जाडजूड, पांढऱ्या झाकणाची. आणि खोटं कशाला बोलू, पहिल्याच दिवशी मी अशी झोपले की खालच्या मजल्यावर फरशी फोडत होते तेही मला दुपारी कळलं. दोन वर्षांत अशी झोप नव्हती. मी घरभर, सोसायटीभर, गाडीतल्या सहप्रवाशांना त्या बाटलीचं गुणगान ऐकवलं. दोघींनी तर दिरांचा पत्ता मागितला. आज काकांवर संतापताना मला ते आठवतं आणि संतापाचा अर्धा हिस्सा माझ्याकडे वळतो.

तीनेक आठवड्यांनी एका दुपारी बाबा चष्मा वर करून म्हणाले, "सूनबाई, एक निवेदन आहे."

"बोला."

"झोपेचा रकाना उत्तम. व्यत्यय निरंक. मूठ मात्र लांबली आहे. कालची सव्वा तासाने आली. आणि शिक्का बघा."

त्यांनी पान पुढे केलं. वरच्या ओळींमधले शिक्के काळे, ठसठशीत. खालचे फिकट, तिरके. शेवटच्याचा 'क' उमटलाच नव्हता.

"शाई वाळली असेल," मी म्हणाले.

"पॅड सोमवारी नवीन आणलं. त्याची आवक नोंद आहे."

मी चिडले. मला दोन वर्षांनी झोप मिळाली होती आणि हे गृहस्थ ती माझ्याकडून काढून घ्यायला निघाले होते, तेही रकाने दाखवून. मी म्हणाले, "बाबा, ही तुमची कचेरी नाही. उद्यापासून शिक्का बंद." आणि बंद केला. आठ दिवस मी त्या शिक्क्याला हात लावला नाही. नंतर मी वही पाहिली तेव्हा त्या आठही ओळींत नेटक्या अक्षरांत एकच शेरा होता. 'सहकार्य नाकारले.'

नवव्या दिवशी सकाळी कामावरून आले, आंघोळ केली, पलंगावर बसले आणि गोळी घ्यायला बाटली उचलली. या परदेशी बाटल्यांचं झाकण दाबून फिरवावं लागतं, लहान मुलांना उघडू नये म्हणून. मी दाबलं तर फिरेना. फिरवलं तर दाबलं जाईना. दोन्ही हातांनी, पदरात धरून, गुडघ्यांत धरून पाहिलं. बोटं सरकत होती, पकडत नव्हती. माझा दाह उतरवणारी गोळी आत आणि ज्या हातांचा दाह उतरायचा ते हात बाहेर, आणि मध्ये एक झाकण.

मी बाटली घेऊन बाबांकडे गेले. ते पेपर वाचत होते. मी ती त्यांच्यासमोर धरली. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग बाटलीकडे.

"उघडून देतो," ते म्हणाले. "पण उद्या कॅम्पातल्या संधिवाताच्या डॉक्टरबाईंकडे यायचं. वहीसकट."

"बाबा, ती वही कोण बघणार? हसतील लोक."

त्यांनी पेपरची घडी घातली. "मी कचेरीत लागलो तेव्हा माझ्या तोंडच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं, सूनबाई. फाइल हरवली की आधी माझ्याकडे बघायचे. नोंद दाखवली की गप्प बसावं लागे. हसायचे, पण गप्प बसायचे." मग त्यांनी झाकण दाबलं, फिरवलं आणि गोळी माझ्या तळहातावर ठेवली. मी ती घेतली नाही. बाटलीत परत टाकली आणि उघड्या डोळ्यांनी दुपारपर्यंत छताकडे बघत पडले.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या, बॉबकट, आणि वाक्यं मोजून वापरणाऱ्या. त्यांनी माझी बोटं एकेक दाबली, गेल्या काही महिन्यांत मी काय केलं ते विचारलं. मी बाटली पुढे ठेवली.

"कुणी दिल्या?"

"दिरांनी."

"ते काय करतात?"

"डेटाबेस."

"असं. मग त्यांचा डेटाबेस आजारी पडला की मी इंजेक्शन देईन."

मग बाबांनी वही ठेवली. मला जमिनीत जावंसं वाटलं. बाईंनी पान उलटलं, आणखी एक उलटलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"हा शिक्का कसला?"

"आवक," बाबा म्हणाले.

"कशाची?"

"मुठीची."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी गोळी सुरू झाल्याची तारीख शोधली, तिच्यावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने खालचे शिक्के बघत गेल्या. 'सहकार्य नाकारले' वाचून माझ्याकडे पाहिलं, ते पाहणं मी अजून विसरलेले नाही.

मी जरा घाईने म्हणाले, "पण हे दाह कमी करतं ना? व्याख्यानात सांगितलं होतं."

"काही आजारांत करत असावं. प्रयोगशाळेत तसं बऱ्याचदा दिसतं. हे संप्रेरक नुसतं झोपेचं नाही, बचावफळीशीही त्याचं बोलणं चालू असतं. पण ते तिला दर वेळी गप्पच बसवतं असं नाही, कधी चेतवतंही. तुमच्या आजारात बचावफळीच बिथरलेली आहे. तिथे हे तिला आणखी चढवत असावं, अशी शंका घेण्यासारखं काम झालेलं आहे. रात्री हे संप्रेरक वाढतं आणि या आजाराचे सांधे सकाळी ताठतात, यात काही संबंध असेल असं काहींना वाटतं."

"म्हणजे नक्की काय?"

"नक्की माहीत असतं तर मी एवढी वाक्यं बोलले नसते." त्यांनी वही मिटली. "गोळीने बिघडलं, की तीन महिने औषध न घेतल्याने आजार आपोआप वाढला, की रात्रपाळीने, हे या वहीवरून मला सांगता येणार नाही. एका माणसाची वही आहे. पण तुमच्यापुरतं पुरे आहे. ही गोळी बंद. आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध आजपासून सुरू, त्यासाठी दर महिन्याला रक्त तपासायचं. रात्रपाळी बंद, तसं पत्र मी देते. आणि आजोबा, वही चालू ठेवा."

"तसं लेखी मिळालं तर बरं," बाबा म्हणाले.

बाईंनी खरोखर चिठ्ठीवर तिसऱ्या ओळीत लिहिलं, 'नोंदवही चालू ठेवावी.' बाबांनी ती चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली.

क्ष-किरणांत उजव्या हाताच्या दोन पेरांची हाडं कुरतडलेली निघाली. ती दोन बोटं आजही किंचित वाकडी आहेत. घरच्या डॉक्टरांनी सांगितलं त्याच महिन्यात गेले असते तर ती सरळ राहिली असती का, हे मी बाईंना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "विचारू नका." कंपनीने पत्र वाचून मला दिवसाच्या पाळीत टाकलं, आणि टाकताना पुढच्या 'निरोगी झोप' व्याख्यानात मी दोन शब्द बोलावेत असं सुचवलं. मी काय उत्तर दिलं ते इथे छापण्यासारखं नाही.

औषधाने वेळ घेतला. मळमळायचं, केस गळायचे. पण शिक्के काळे होत गेले. एक तास, चाळीस मिनिटं, वीस. एक दिवस असा आला की उठले, शिक्का उचलला आणि दाबून मारला, इतका की शाई पुढच्या पानावर उतरली. बाबांनी घड्याळ पाहिलं. लिहिण्यासारखी मिनिटंच नव्हती. त्यांनी खाली दोन रेघा ओढल्या आणि लिहिलं, 'प्रकरण निकाली.'

"बाबा, हा आजार निकाली निघत नाही. औषध जन्मभर आहे."

त्यांनी विचार केला, ओळ खोडली, खोडल्याची सही केली आणि लिहिलं, 'प्रकरण चालू. प्रगती समाधानकारक.'

तर परवा मी ग्रुपवर उत्तर लिहायला घेतलं, चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या. तिथे लिहिलं असतं तर त्याच सात जणांनी मलाही अंगठा दाखवला असता, एवढंच. बाबा आता फारसे खाली उतरत नाहीत. त्यांना विचारलं, त्यांनी कपाटाची किल्ली दिली. वही, शिक्का आणि शाईचं पॅड घेऊन मी तळमजल्यावर गेले.

काका दार उघडून म्हणाले, "वाचलात का? शुक्रवारी येतेय बाटली."

"येऊ द्या. तिचं झाकण काकू उघडू शकतात का तेवढं बघा," मी म्हणाले, आणि मग दिरांपासून डॉक्टरबाईंपर्यंत सगळं सांगितलं, हातवाऱ्यांसकट. काका मध्येच म्हणाले, "पण त्यात लिहिलंय की..." मी माझी दोन वाकडी बोटं त्यांच्या नाकासमोर धरली. ते गप्प बसले.

काकू इतका वेळ सोफ्याच्या कडेला हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या. मी शिक्का त्यांच्यापुढे धरला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग हात बाहेर काढला. बोटं लाकडाभोवती मिटायला किती वेळ लागला ते मी घड्याळात बघत होते. काकाही बघत होते, आणि मला वाटतं पहिल्यांदाच. शिक्का फिकट उठला, तिरका. मी वेळ लिहिली आणि वही काकांच्या हातात दिली.

"उद्यापासून तुम्ही लिहायचं," मी म्हणाले. "आणि डॉक्टरबाईंची वेळ मी आत्ता घेतेय. शुक्रवारच्या आधीची."

काकू म्हणाल्या, "त्या रागावतात का हो?"

"भरपूर," मी म्हणाले.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "यांच्यावर रागवायला मला कुणीतरी हवंच होतं."